केडगावची पहाट आणि मावशींचा प्रश्न

विठ्ठलवाडीत आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक मावशी राहतात. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. नाताळला त्यांच्याकडच्या करंज्या आमच्या घरी येतात आणि ईदला आमच्याकडचा शीरखुर्मा त्यांच्याकडे जातो. दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी लहानपणापासूनचं चर्च सोडलं आणि उल्हासनगरातल्या एका हॉलमधल्या प्रार्थनेला जायला लागल्या. तिथे लोक हात वर करून रडतात, कुणालाच न कळणाऱ्या भाषेत बोलतात, आजाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. मावशी तिथून यायच्या तेव्हा चेहऱ्यावर खरोखर तेज असायचं, हे मला कबूल केलं पाहिजे.

मग एक दिवस त्यांनी साखरेच्या गोळ्या बंद केल्या. "मला बरं केलंय," एवढंच म्हणाल्या. दीड-दोन महिन्यांत पायाची जखम चिघळली. मुलाने रागावून, ओढत दवाखान्यात नेलं. पाय वाचला. घरी आल्यावर मी भेटायला गेले तर त्यांनी मलाच विचारलं, "बाई, आमचे जुने पाळक म्हणायचे, ही सगळी कृपादानं प्रेषितांबरोबर संपली. नवे म्हणतात, आजही चालू आहेत. तुम्ही एवढी पुस्तकं वाचता. कोण खरं बोलतंय, तुम्हीच सांगा."

एका ख्रिस्ती बाईने हा प्रश्न मुसलमान शिक्षिकेला विचारावा, याचं आधी हसू आलं, नंतर ओझं वाटलं. 'वाचून सांगते' म्हटलं खरं. हा लेख म्हणजे ते सांगणं आहे.

आधी वाद काय आहे ते पाहू. नव्या करारात पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात 12 ते 14 या अध्यायांत कृपादानांची चर्चा आहे. ज्ञान, विश्वास, रोग बरे करणं, अद्भुत कृत्यं, संदेश देणं, अन्य भाषांत बोलणं आणि त्या भाषांचा अर्थ सांगणं, अशी ती दानं. पवित्र आत्मा ज्याला जे द्यायचं ते देतो, अशी श्रद्धा. याच पत्राच्या तेराव्या अध्यायात, भाषा एक दिवस थांबतील आणि प्रीती मात्र कधी सरणार नाही, अशा अर्थाचं वचन आहे. आता 'एक दिवस' म्हणजे कधी? प्रेषितांची पिढी गेली तेव्हा, की जगाच्या अंताला? सगळा वाद या एका प्रश्नावर उभा आहे.

संत ऑगस्टिनचं उदाहरण बोलकं आहे. उमेदीच्या काळात त्याचं मत होतं की चमत्कार चर्चच्या सुरुवातीला गरजेचे होते, आता नाहीत. म्हातारपणी मात्र 'ईश्वराचं नगर' या ग्रंथाच्या शेवटच्या भागात त्याने स्वतःच्या आसपास घडलेल्या आजार बरे होण्याच्या घटनांची लांबलचक यादी दिली. रोमन कॅथोलिक चर्चने तर चमत्कार थांबल्याचं कधी मानलंच नाही. एखाद्याला संत ठरवताना आजही चमत्काराची चौकशी होते. प्रोटेस्टंट सुधारकांना हीच गोष्ट खटकत होती. 'तुमच्या बाजूला चमत्कार कुठे आहेत?' असं कॅथोलिक विचारत. त्यावर कॅल्व्हिनसारख्या सुधारकांचं उत्तर असे की आम्ही नवा संदेश आणलेला नाही, जुनाच सांगतो आहोत, त्यासाठी नवे चमत्कार लागत नाहीत. पुढे 1918 साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचे प्राध्यापक बेंजामिन वॉरफिल्ड यांनी या मताला पक्क्या ग्रंथाचं रूप दिलं. मावशींच्या जुन्या पाळकांचं मत साधारण या परंपरेतलं. नव्यांचं मत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उसळलेल्या पेंटेकॉस्टल चळवळीतलं. या चळवळीचा इतिहास सांगताना बहुतेक जण 1906 साली लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर, विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय उपदेशकाच्या सभांपासून सुरुवात करतात.

इथे मी थबकले. कारण त्याच्या वर्षभर आधी हेच सगळं आपल्या महाराष्ट्रात घडलं होतं, आणि ज्या बाईंच्या अंगणात घडलं त्यांचं नाव मला चांगलंच ठाऊक होतं.

बी.एड.ला असताना 1882 च्या हंटर आयोगावर हमखास प्रश्न यायचा. या आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली आणि स्त्री-शिक्षिका तयार करा, बायकांना डॉक्टर होऊ द्या असं सांगितलं, हे आम्ही पाठ केलं होतं. त्यांची शारदा सदन, मुक्ती मिशन ही नावंही पाठ. पण 1905 साली मुक्ती मिशनमध्ये काय झालं याचा एक शब्दही आमच्या पुस्तकात नव्हता. समाजसुधारक म्हणून रमाबाई सगळ्यांना हव्या असतात. त्यांचं ख्रिस्ती होणं पुष्कळांना अडचणीचं वाटतं. आणि आत्म्याने भारून गेलेल्या मुलींच्या मधोमध उभ्या असलेल्या रमाबाई तर कुणालाच नको असतात, ना सुधारकांना, ना नाकासमोर चालणाऱ्या मिशनऱ्यांना.

आमच्या विठ्ठलवाडीवरून जाणारे रूळ कर्जतवरून पुण्याला जातात आणि पुढे दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. रमाबाईंनी तिथे जमीन घेतली होती. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा आणल्या. दुष्काळ म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांचे स्वतःचे आईवडील आणि बहीण 1870 च्या दशकातल्या दुष्काळात गेले होते. पुढे पुण्यात प्लेग आला, गुजरातेत आणि राजपुतान्यात दुष्काळ पडला, आणि 1900 च्या सुमारास मुक्तीमध्ये पंधराशेच्या घरात बायका-मुली होत्या. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, शाळा, सगळं त्याच चालवत. अंध मुलींना ब्रेलवर वाचायला शिकवलं जाई.

1904-05 मध्ये ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात मोठी धार्मिक जागृती झाल्याच्या बातम्या आल्या. आपल्याकडेही तसं व्हावं म्हणून 1905 च्या जानेवारीपासून रमाबाईंनी प्रार्थनेचे गट सुरू केले. काही महिन्यांत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा प्रार्थनेला बसू लागल्या. 29 जून 1905 च्या पहाटे मुलींच्या खोलीत गलका झाला. मिनी एब्रम्स या अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी तिथे काम करत. एका मोठ्या मुलीने त्यांना झोपेतून उठवलं आणि सांगितलं की अमकीवर पवित्र आत्मा आला आहे. तिच्या अंगावर तिला आग दिसली होती. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, ओतणार तोच तिच्या लक्षात आलं की मुलगी जळत नाहीये.

ही बादली मला त्या सगळ्या कहाणीतली सगळ्यात खरी वस्तू वाटते. चमत्कार रचून सांगणारा माणूस बादली आणायला धावत नाही. त्या मुलीने जे पाहिलं ते काय होतं, हे इतिहास सांगू शकत नाही. पण मैत्रीण पेटली आहे असं तिला मनापासून वाटलं, आणि ती गुडघे टेकून बसली नाही, पाणी आणायला पळाली, एवढं मात्र त्या साक्षीतून कळतं.

दुसऱ्या दिवशी रमाबाई शास्त्र शिकवत असताना मुली रडू लागल्या, मोठमोठ्याने पापांची कबुली देऊ लागल्या. शिकवणं थांबवावं लागलं. पुढचे कित्येक महिने हे चालू राहिलं आणि मुलींचे गट आसपासच्या गावांत जाऊन उपदेश करू लागले. 1906 च्या अखेरीस अन्य भाषांत बोलण्याच्या नोंदी येऊ लागतात.

यातली एक नोंद नीट तपासण्यासारखी आहे. दौंडला मुलांचा अनाथाश्रम चालवणारे अल्बर्ट नॉर्टन मुक्तीला आले. वीसेक जणी प्रार्थना करत होत्या त्या खोलीत ते डोळे मिटून बसले. जवळच कुणीतरी स्पष्ट इंग्रजीत प्रार्थना करत असल्याचं त्यांना ऐकू आलं. डोळे उघडून पाहतात तर तीन फुटांवर त्यांच्या ओळखीची बाई. तिचा बाप्तिस्मा त्यांनीच 1899 मध्ये केला होता. तिची भाषा मराठी, थोडं हिंदुस्थानी येई, इंग्रजी येत नव्हतं. नॉर्टन यांनी हे लिहून प्रसिद्ध केलं.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे काय करावं? नॉर्टन खोटं बोलत होते असं म्हणायला काहीच आधार नाही. पण दुसरी बाजूही आहे. त्या बाई निदान सात वर्षं इंग्रज-अमेरिकन मिशनऱ्यांच्या सहवासात होत्या. इंग्रजी प्रार्थना आणि गाणी त्यांच्या कानावर पडत असणार. न समजता ऐकलेली भाषा मनात कुठेतरी साठते आणि भावनेच्या भरात बाहेर येते, हे अशक्य नाही. अरबीचं अक्षरही अर्थासहित न येणाऱ्या आमच्याकडच्या आज्या झोपेत सुरे पुटपुटतात, हे मी घरात पाहिलं आहे. म्हणून माझ्यापुरतं मी एवढंच म्हणते: त्यांनी ऐकलं हे खरं, त्याचं कारण काय याचा निकाल त्या एका साक्षीवर लागत नाही.

खुद्द रमाबाईंनी काय भूमिका घेतली? संस्कृत पंडितांच्या सभेत कलकत्त्याला ज्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं गेलं, त्या बाई हा गोंगाट पाहून काय म्हणाल्या असतील, ही मला उत्सुकता होती. त्यांच्यावर दोन्हीकडून दबाव होता. काही मिशनऱ्यांना हे सगळं रानटी, कदाचित सैतानी वाटत होतं. उलट नव्या चळवळीतले लोक म्हणू लागले होते की अन्य भाषा हेच आत्मा मिळाल्याचं पक्कं चिन्ह, ज्याला ती येत नाही त्याला आत्मा मिळालाच नाही.

मुक्तीच्या पत्रिकेत 1907 साली रमाबाईंनी दोघांनाही उत्तर दिलं. पहिल्यांना विचारलं की इंग्रज आणि अमेरिकन सभ्यतेच्या मापात जे बसत नाही ते सगळं सैतानाचं कसं? भारतीय माणूस रडतो, हात वर करतो, मोठ्याने बोलतो. त्याला त्याच्या स्वभावाप्रमाणे देवापुढे जाऊ द्या. दुसऱ्यांना सांगितलं की अन्य भाषा हे एक चिन्ह असेल, पण तेच एकमेव आणि प्रत्येकाला आवश्यक, याला शास्त्राचा आधार नाही. प्रीती हेच खरं चिन्ह. स्वतः अन्य भाषेत बोलल्याचा दावा त्यांनी केला नाही आणि बोलणाऱ्यांना गप्पही केलं नाही.

या उत्तराचं मोल कळायला त्या मुली कोण होत्या हे आठवावं लागतं. दुष्काळात आईबाप मेलेल्या, विकल्या जाता जाता वाचलेल्या, डोकं भादरलेल्या बालविधवा. त्यांना कधी कुणी 'बोल' म्हटलं नव्हतं. आता त्या शेकडोंच्या सभेत उठून बोलत होत्या आणि गोरे पाद्री कान देऊन ऐकत होते. रमाबाईंनी हा आवाज बंद केला असता तर शिस्त राहिली असती, पण त्या मुलींच्या पदरात पुन्हा मुकेपणच पडलं असतं.

या आगीची ऊब लांबवर गेली. एब्रम्स यांनी 1906 साली या जागृतीवर पुस्तक लिहिलं आणि त्याची एक प्रत चिली देशात राहणाऱ्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला, विलिस हूवर या मिशनऱ्याच्या पत्नीला पाठवली. 1909 साली तिथेही अशीच जागृती झाली आणि चिलीची पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली. म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या या चळवळीची एक मुळी केडगावच्या मातीत आहे. सगळं अमेरिकेतून इथे आलं, असं आपण धरून चालतो. इथे प्रवास निदान काही अंशी उलटा झाला.

माझ्यातल्या भाषाशिक्षिकेला आणखी एक गोष्ट जाणवली. त्याच वर्षांत रमाबाई बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, थेट हिब्रू आणि ग्रीकवरून. संस्कृतप्रचुर शब्द टाळून खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. मुक्तीतल्या मुलींनीच ते जुळवलं, छापलं. रमाबाई 5 एप्रिल 1922 ला गेल्या आणि संपूर्ण बायबल 1924 साली प्रसिद्ध झालं. पौलाने करिंथच्या लोकांना बजावलं होतं की अन्य भाषेत बोलायचं तर अर्थ सांगणारा असावा, नसेल तर मंडळीत गप्प बसावं. रमाबाईंनी बोलण्याला मज्जाव केला नाही, पण आयुष्याची शेवटची वर्षं मात्र अर्थ सांगण्यातच घालवली.

आता थोडं आपल्याकडे वळू. हा वाद मुसलमान वाचकाला परका वाटायचं कारण नाही. पैगंबराच्या हातून घडतो तो मोजिजा आणि वलीच्या हातून घडते ती करामत, हा फरक आपल्याकडे मदरशातलं पोरही सांगतं. नबुव्वत संपली, वही थांबली, हा आपला पाया. तरी चांगली स्वप्नं उरली आहेत असं हदीस सांगते. म्हणजे दार बंद झालं तरी फट राहिली का आणि किती राहिली, हा प्रश्न आपल्याकडेही आहे. मोतझिला पंथाने वलींच्या करामती नाकारल्या. सुन्नी अकिद्याच्या जुन्या ग्रंथांनी त्या मान्य केल्या. कबरीवरच्या चालीरीतींवर कडक टीका करणाऱ्या इब्ने तैमियांनीही करामत नाकारली नाही. एकोणिसाव्या शतकात सर सय्यद अहमद खानांनी मोजिजांचाही निसर्गनियमाला धरून अर्थ लावला, तेव्हा त्यांना 'नेचरी' म्हणून हिणवलं गेलं. आणि सुफींनी या सगळ्यावर एक शहाणं वाक्य ठेवलं आहे: इस्तिकामत, म्हणजे नेकीवर टिकून राहणं, ही करामतीपेक्षा मोठी. रमाबाईंचं प्रीतीबद्दलचं म्हणणं याच्या फार जवळचं आहे.

पावसाळ्यानंतर हवा स्वच्छ असली की आमच्या भागातून मलंगगड दिसतो. माघ पौर्णिमेला हाजी मलंगच्या उरुसाला हिंदू-मुसलमान दोघेही तो डोंगर चढतात. माझ्या खालाला मिरगी होती. नानीने तिला कुठल्या कुठल्या बाबांकडे नेलं, दोन वर्षं तावीज आणि पाणी चाललं. एकाने तर डॉक्टरकडे गेलात तर असर जाईल असं सांगितलं होतं. शेवटी मामाने दवाखान्यात नेलं, गोळ्या सुरू झाल्या आणि झटके आटोक्यात आले. म्हणून मावशींना हसण्याचा किंवा शिकवण्याचा मला काही हक्क नाही. तीच चूक आमच्या घरात आधी होऊन गेली आहे.

महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या आणि 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाला. हा कायदा प्रार्थनेला, दुआला, नवसाला हात लावत नाही. चमत्काराच्या नावावर फसवणूक करणं, साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखणं, असल्या गोष्टींना तो गुन्हा ठरवतो. श्रद्धा आणि नुकसान यांच्यातली ही रेघ मला रास्त वाटते.

मागच्या आठवड्यात मावशींकडे गेले. पायाला पट्टी होती, बाजूला बायबल होतं. मी म्हटलं, "मावशी, चालू आहे की संपलं, याचा निकाल दोन हजार वर्षांत तुमच्या मोठमोठ्या लोकांना लागला नाही, मला कुठून लागणार? पण एक दाखवू का?" त्यांच्याच बायबलमधून पौलाची पत्रं काढली. ज्याच्या काळात कृपादानं होती याबद्दल जुन्या-नव्या दोन्ही पाळकांचं एकमत आहे, तो हा पौल. त्याच्या स्वतःच्या शरीरात एक काटा होता. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, तरी तो निघाला नाही. शिष्य तीमथ्याचं पोट बिघडायचं, तर त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला. आणि त्याच्या सोबतच्या लूकला तो प्रिय वैद्य म्हणतो.

"म्हणजे तेव्हाही औषध बंद नव्हतं," मावशी म्हणाल्या.

"नव्हतं. आमच्या रसुलांनीही दवा घ्या असंच सांगितलंय."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पण बाई, तिथे गेले की मला रडू येतं, मोकळं वाटतं. ते खोटं नाहीये हो." मी म्हटलं, खोटं कोण म्हणतंय? केडगावच्या मुलींनाही रमाबाईंनी कधी खोटं म्हटलं नाही.

आता मावशी दर रविवारी तिथे जातात. जायच्या आधी डब्यातली गोळी घेतात आणि पायाची पट्टी नीट आहे ना ते मला दाखवून जातात.